डोळ्यांना पाणी का येते?

कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येते. मुलीची पाठवणी करताना बापाच्या डोळ्यांना पाणी येते. बोचऱ्या वाऱ्यातून सायकल हाणत शाळेला जाणाऱ्या मुलाच्या डोळ्यांनाही पाणी येते. पाणी एकाच ठिकाणाहून येते, गालांवरून ओघळते तेही एकाच वाटेने; पण तिन्ही वेळी कारण वेगळे असते. कारणे इतकी वेगळी असताना शरीर उत्तर मात्र एकच का देते, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्याचा काही भाग रसायनशास्त्राचा आहे, काही शरीरशास्त्राचा आणि बराचसा माझ्या विषयाचा, म्हणजे भौतिकीचा आहे. शेवटचा थोडा भाग अजून कोणत्याच शास्त्राच्या पुरता हाती लागलेला नाही.

अंकगणितात तुम्ही हौदाची उदाहरणे सोडवली असतील. एका नळाने हौद भरतो, दुसऱ्याने रिकामा होतो. दोन्ही नळ एकदम सोडले तर काय होईल? डोळा हा नेमका असाच एक हौद आहे. भरणारा नळ म्हणजे अश्रुग्रंथी. ती प्रत्येक डोळ्याच्या वर, बाहेरच्या म्हणजे कानाकडच्या बाजूला, खोबणीत दडलेली असते. शिवाय पापण्यांच्या आतल्या अंगाला काही लहान ग्रंथी असतात. रिकामा करणारा नळ नाकाकडच्या कोपऱ्यात असतो. हात स्वच्छ धुऊन आरशासमोर उभे राहा आणि खालची पापणी नाकाजवळ हलकेच खाली ओढा. पापणीच्या कडेवर सुईच्या टोकाने पाडावे तसे एक छिद्र दिसेल. वरच्या पापणीलाही तसेच एक छिद्र असते. त्या दोन छिद्रांतून अश्रू बारीक नळ्यांत, तेथून एका पिशवीत आणि शेवटी थेट नाकात उतरतात. रडणाऱ्या मुलाचे नाक का वाहते, याचे उत्तर येथेच मिळाले. डोळ्यांत औषध घातल्यावर थोड्या वेळाने घशात कडू चव येते, तीही याच वाटेने.

आता हौदाचे हिशोब पाहू. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या एका डोळ्यात साधारण ७ मायक्रोलिटर अश्रू असतात. एक मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग. मिनिटाला सुमारे १ ते २ मायक्रोलिटर नवे अश्रू येतात. १·२ हा आकडा धरला, तर जागेपणीच्या १६ तासांत, म्हणजे ९६० मिनिटांत, सुमारे १,१५० मायक्रोलिटर होतात. म्हणजे न रडताही प्रत्येक डोळा दिवसाकाठी चहाच्या चमच्याच्या पाव भागाएवढे पाणी गाळतो. त्यातले थोडे हवेत उडून जाते, उरलेले नाकात उतरते. तुम्हांला पत्ताही लागत नाही.

पापण्यांची कड फार तर ३० मायक्रोलिटरच्या आसपास पाणी धरून ठेवते. त्यापेक्षा जास्त झाले की हौद भरून वाहतो, आणि त्यालाच आपण रडणे म्हणतो. जाता जाता एक उपयोगाची गोष्ट सांगतो. ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे डोळ्यात घातलेल्या औषधाचा एकच थेंब हौदाला जड होतो. दुसरा थेंब लगेच घालणे म्हणजे औषध गालावर सांडणे. औषध घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर बोटाने हलकेच दाबून धरला, तर ते नाकात न पळता डोळ्यातच राहते.

हे ३० मायक्रोलिटर तरी पापणीच्या कडेवर कसे टिकतात? पाणी तर उताराकडे धावते. येथे पृष्ठताण कामाला येतो. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो, अश्रूंचा त्याहून बराच कमी, ४३ च्या आसपास. कमी असण्यातच शहाणपण आहे. तेलकट ताटलीवर पाणी टाकले तर ते थेंबाथेंबांनी गोळा होते. साबणाचे पाणी मात्र पसरते, कारण त्याचा पृष्ठताण कमी असतो. अश्रू डोळ्यावर असेच पसरावे लागतात. त्यासाठी त्यांत काही प्रथिने असतात आणि वर तेलाचा अत्यंत पातळ थर असतो. हे तेल पापण्यांच्या कडांना ओळीने असलेल्या ग्रंथींतून येते. १६६६ साली जर्मन वैद्य हाइन्‌रिख मायबोम याने त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. तेलाचे दुसरे काम म्हणजे पाणी उडू न देणे. थराच्या तळाशी, डोळ्याला लागून, चिकट श्लेष्मा असतो. तो नसेल तर पाणी डोळ्याच्या पृष्ठाला नीट धरत नाही.

हा सगळा थर किती जाड असेल? सुमारे ३ मायक्रोमीटर! तुमच्या डोक्यावरचा एक केस याच्या वीसपट तरी जाड असतो. डोळ्याचा उघडा भाग २ चौरस सेंटिमीटर धरा आणि गुणाकार करून पाहा. थरातले पाणी १ मायक्रोलिटरही भरत नाही. बाकीचे पापणीच्या कडेशी आणि पापण्यांखाली साठलेले असते. इतका पातळ थर काही सेकंदांत जागोजागी फाटू लागतो, म्हणून आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी लववतो. प्रत्येक लवणे म्हणजे भिंतीवर नव्याने फिरवलेला रंगाचा हात. त्याच झटक्याने जुने अश्रू छिद्रांतून पंपासारखे ओढले जातात. पुस्तकात किंवा मोबाइलच्या पडद्यावर नजर खिळली की पापण्या कमी वेळा लवतात आणि डोळे चुरचुरतात. शेजाऱ्याला न सांगता तो वाचत असताना त्याच्या पापण्या मोजा, मग तो गप्पा मारत असताना मोजा. फरक तुमचा तुम्हांला दिसेल. (आधी सांगितलेत तर प्रयोग फसलाच म्हणून समजा.)

पारपटल, म्हणजे बाहुलीसमोरची पारदर्शक काच, प्रकाश वळवते असे आपण शिकतो. पण हवेतून येणारा किरण पारपटलाला लागण्यापूर्वी अश्रूंना लागतो. अश्रूंचा वक्रीभवनांक १·३३६ आणि पृष्ठाची वक्रता त्रिज्या ७·८ मिलिमीटर, म्हणजे ०·००७८ मीटर. तेव्हा या पृष्ठाची शक्ती ०·३३६ भागिले ०·००७८, म्हणजे सुमारे ४३ डायॉप्टर. सबंध डोळ्याची शक्ती ६० डायॉप्टरच्या आसपास असते, आणि पुढे पारपटलाच्या दोन पृष्ठांचे परिणाम एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात. म्हणजे प्रकाश एकवटण्याचे दोनतृतीयांशाहून अधिक काम या ओल्या पृष्ठावर होते! विहिरीत बुडी मारून डोळे उघडले तर सगळे धूसर दिसते, ते यामुळेच. बाहेर हवेऐवजी १·३३३ वक्रीभवनांकाचे पाणी आले की ४३ डायॉप्टरपैकी अर्धाही उरत नाही. आणि डोळे भरून आले की समोरचा माणूस अंधुक का होतो, तेही आता समजेल. भिंगाच्या पुढचे पृष्ठ गुळगुळीत राहिलेले नसते.

हौदात पाण्याबरोबर रखवालदारही असतात. १९२२ साली अलेक्झांडर फ्लेमिंगने (पुढे पेनिसिलिनमुळे प्रसिद्ध झाला तोच) काही जंतूंना विरघळवून टाकणारे एक विकर जाहीर केले आणि त्याला लायसोझाइम असे नाव दिले. ते प्रथम त्याला नाकातल्या श्लेष्म्यात सापडले होते. पुढे अश्रूंतही ते विपुल आढळले. तेव्हा प्रयोगासाठी अश्रू मिळवायला लिंबाच्या रसाचा उपयोग करण्यात आला. तुम्ही तो करू नये.

आता कांद्याकडे वळू. लासलगावच्या बाजारात कांद्यांचे डोंगर असतात, पण अख्ख्या कांद्यांमधून हिंडताना कोणी रडत नाही. (भाव कोसळल्यावर शेतकऱ्याच्या डोळ्यांत येणारे पाणी निराळे. त्याकडे आपण पुढे येऊच.) याचा अर्थ रडवणारा पदार्थ कांद्यात तयार नसतो, कापल्यावर तो तयार होतो. कांदा जमिनीतून गंधक घेतो आणि त्याची संयुगे पेशीत साठवतो. त्याच पेशीतल्या वेगळ्या कप्प्यात अॅलिनेज नावाचे विकर बंद असते. सुरीने पेशी फुटली की दोन्ही एकत्र येतात आणि संयुगाचे विघटन होते. कित्येक वर्षे असे मानले जात होते की पुढचा पदार्थ आपोआप बनतो. २००२ साली शिन्सुके इमाई आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी दाखवले की तसे नाही, त्यासाठी दुसरे एक स्वतंत्र विकर लागते. त्या विकरामुळे प्रोपेनथायाल-एस-ऑक्साइड हा उडून जाणारा पदार्थ तयार होतो, आणि तोच आपल्याला रडवतो. लसणात अॅलिनेज आहे, पण हे दुसरे विकर नाही आणि कच्चा मालही वेगळा आहे. म्हणून लसूण सोलताना, ठेचताना वास कितीही आला तरी डोळे भरत नाहीत. इमाईंच्या चमूला २०१३ साली गमतीदार संशोधनासाठी दिले जाणारे इग्नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत वाटली तरी काम पक्के होते. २०१५ साली त्याच जपानी कंपनीने जवळजवळ न रडवणारा कांदा तयार झाल्याचे जाहीर केले.

हा पदार्थ डोळ्यात जाऊन गंधकाम्ल बनवतो आणि त्याने डोळा जळतो, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. तुमच्या डोळ्यांना इजा करील एवढे अम्ल तेथे बनत नाही. पारपटलात संवेदी मज्जातंतूंची टोके अतिशय दाट असतात. ती या पदार्थाने चेतवली जातात. संदेश पाचव्या कवटी-मज्जातंतूने मेंदूच्या तळाशी पोहोचतो आणि तेथून सातव्या मज्जातंतूने अश्रुग्रंथीला हुकूम सुटतो, ‘नळ सोडा!’ विचार करणाऱ्या मेंदूला यात कोणी विचारत नाही. हौद धुऊन निघाला की चुरचुर थांबते.

सुरीच्या धारेचाही यात हात आहे. २०२५ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने कांदा कापतानाची चित्रे घेतली. बोथट पाते कांद्याच्या थरात लगेच शिरत नाही, आधी तो थर दाबतो. आतला दाब वाढतो आणि मग थर फाटताच रसाचे बारीक तुषार पिचकारीसारखे उडतात. धारदार पाते हळू चालवले तर तुषार कमी उडतात आणि त्यांचा वेगही कमी असतो. संत्र्याची साल दुमडल्यावर काय होते ते आठवा. आपल्याकडे विळीवर कांदा चिरणाऱ्या बाईचे तोंड पात्याच्या बरोबर वर असते, म्हणजे तुषार आणि वाफ दोन्हींच्या वाटेत.

शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग अवश्य करावा. सारख्या आकाराचे कांदे घ्यावे. एकदा बोथट आणि एकदा नुकतीच धार लावलेली सुरी, एकदा बाहेरचा आणि एकदा तासभर बर्फात ठेवलेला कांदा, एकदा पंखा बंद आणि एकदा कापणाऱ्याकडून पलीकडे वारा जाईल असा ठेवलेला. पहिली चुरचुर किती सेकंदांनी जाणवली ते घड्याळ लावून नोंदवावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि दोन प्रयोगांमध्ये खिडक्या उघडून हवा जाऊ द्यावी, नाहीतर आधीच्या कांद्याचे खापर नंतरच्यावर फुटेल. कांदा परतताना मात्र कोणी रडत नाही. उष्णतेने विकरे निकामी होतात, म्हणून भजी तळणारा सुखी असतो.

डोळ्याची ही सूचना फार गंभीर प्रसंगीही मिळते. १९८४ साली २ डिसेंबरच्या मध्यरात्री भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. कोणीतरी मिरच्या जाळल्यासारखे डोळे झोंबू लागले म्हणून लोक झोपेतून उठले. हजारो माणसे त्या वायूने मेली. अश्रूंची शक्ती कोठवर पुरते, हे त्या रात्रीने दाखवले. काही मायक्रोलिटरचा हौद धूळ, धूर, कांदा एवढ्यांनाच पुरा पडतो. प्रयोगशाळेत अम्ल, अल्कली किंवा चुना डोळ्यात उडाला तर अश्रूंवर विसंबू नका. नळाच्या संथ धारेखाली डोळा उघडा धरून निदान पंधरा मिनिटे धुवा आणि मगच डॉक्टरांकडे जा. आधी डॉक्टर शोधत बसू नका.

अश्रू कमी पडणे हेही संकटच आहे. आहारात अ जीवनसत्त्व फार कमी असेल, तर मुलाला प्रथम रातांधळेपणा येतो. पुढे श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात, डोळ्याची चमक जाते, तो कोरडा पडतो आणि शेवटी पारपटल मऊ होऊन फुटू शकते. भारतात १९७० पासून लहान मुलांना या जीवनसत्त्वाचे डोस देण्याची योजना राबवली जाते. शेवग्याचा पाला, गाजर, पपई, आंबा यांतून शरीर ते बनवते. संध्याकाळी अडखळणारा लहान भाऊ घरात असेल तर त्याला धांदरट म्हणण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

राहिला पाठवणीच्या अश्रूंचा प्रश्न. येथे पारपटलावर काहीच पडलेले नसते. संदेश खालून वर न जाता मेंदूच्या भावनांशी निगडित भागांतून खाली येतो आणि त्याच सातव्या मज्जातंतूच्या वाटेने ग्रंथीला पोहोचतो. नळ तोच, पण तो सोडणारा हात दुसरा. ही दुसरी जोडणी जन्मापासून पूर्ण नसते. चार्लस डार्विनच्या १८७२ च्या पुस्तकात याची एक सुरेख नोंद आहे. त्याच्या ७७ दिवसांच्या तान्ह्या मुलाच्या उघड्या डोळ्याला डार्विनच्या कोटाची बाही चुकून घासली गेली. मूल जोराने किंचाळले. घासलेल्या डोळ्यातून भरपूर पाणी आले, पण दुसरा डोळा जवळजवळ कोरडाच राहिला. म्हणजे ग्रंथी तयार होती, पहिली जोडणीही होती, दुःखाची जोडणी मात्र अजून व्हायची होती. पहिले काही आठवडे बाळे अश्रूंवाचूनच रडतात, हे तुमच्या घरातली आजीही सांगेल.

प्राणी रडतात का? डोळे ओले ठेवणारे अश्रू पुष्कळ प्राण्यांना असतात. नक्राश्रूंची कथाही अगदीच खोटी नाही. २००७ साली फ्लोरिडात मगरींच्या जातभाईंचे निरीक्षण केले तेव्हा सातांपैकी पाचांचे डोळे खाताना पाणावले, पण पश्चात्तापाने नव्हे. २०२२ साली जपानी संशोधकांनी दाखवले की मालक बऱ्याच वेळाने भेटला की कुत्र्याच्या डोळ्यांतले पाणी वाढते. गालांवरून ओघळणारे दुःखाचे अश्रू मात्र माणसाखेरीज दुसऱ्या कोणात निश्चितपणे आढळलेले नाहीत.

दुःखाचे आणि कांद्याचे अश्रू एकच असतात का, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील विल्यम फ्राय यांनी लोकांना करुण चित्रपट दाखवले आणि त्यांचे अश्रू परीक्षानळ्यांत गोळा केले. त्यांच्या १९८१ च्या अहवालानुसार भावनेच्या अश्रूंत प्रथिने अधिक होती. यावरून फ्राय यांनी असा तर्क केला की रडण्याने ताणाच्या काळात साठलेली द्रव्ये शरीराबाहेर टाकली जातात. आजही मासिकांतून ‘रडल्याने विषे निघून जातात’ असे ठासून लिहिले जाते. आपण हौदाचा हिशोब करू. कोणी १ मिलिलिटरभर, म्हणजे वीस थेंब रडला असे धरा. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १,५०० मिलिलिटर मूत्र तयार करतात. शिवाय अश्रूंचा मोठा भाग नाकातून घशात आणि घशातून पोटात जातो, म्हणजे परत शरीरातच! घाण काढण्यासाठी अशी मोरी कोणता गवंडी बांधील? मला तरी हा तर्क पटत नाही, आणि पुढच्या काळात त्याला ठोस पुरावाही मिळालेला नाही.

अश्रूंचा उपयोग रडणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्यासाठी असावा, असे मानणारे संशोधक आज अधिक आहेत. हाक मारली की शत्रूलाही ऐकू जाते, पण ओला गाल जवळच्यालाच दिसतो. इस्राएलमधील वाइझमान संस्थेत २०२३ साली केलेल्या प्रयोगात स्त्रियांचे वासहीन अश्रू हुंगल्यावर पुरुषांचा खेळातला आक्रमकपणा चाळीस टक्क्यांहून अधिक घटला. याच संस्थेच्या २०११ च्या काही निष्कर्षांना दुजोरा मिळवण्याचा प्रयत्न दुसऱ्या प्रयोगशाळेत मात्र फसला होता, तेव्हा याही निकालाची इतरांनी पडताळणी करणे बरे.

रडल्यावर मोकळे वाटते हे तरी खरे का? २०१५ साली नेदरलँड्समध्ये काही जणांना करुण चित्रपट दाखवला. जे रडले त्यांची मनःस्थिती चित्रपट संपताच मोजली, तर ती आधीपेक्षा वाईट भरली. वीस मिनिटांनी ती पहिल्या पातळीवर आली. नव्वद मिनिटांनी मोजली, तेव्हा ती चित्रपटापूर्वी होती त्याहूनही चांगली होती. जे रडले नाहीत त्यांच्या मनःस्थितीत सुरुवातीला बदल झाला नाही, आणि नंतरही नाही. नव्वद मिनिटे म्हणजे आपल्या शाळेच्या दोन तासिकांच्या आसपास. तेवढ्या वेळात नेमके काय घडते, याचा शोध अजून चालू आहे.